बस वळण्यापुरती जागा

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी, नवी पेठेच्या मागच्या बोळातल्या म्हसोबाच्या मंडळानं माझा सत्कार केला. शाल, नारळ आणि झेंडूचा ओला हार. अध्यक्ष रिक्षावाले आहेत, आवाज खणखणीत. माईकवर म्हणाले, "काकांमुळं देव वाचला. काका नसते तर आज देवाच्या डोक्यावरनं बसगाड्या गेल्या असत्या!" टाळ्या झाल्या. मी उठून हात जोडले आणि खाली बसलो.

देव वाचला हे खरं आहे. पण देव वाचताना समोरचं काय गेलं, ते त्या माईकवर कोणी बोललं नाही. मीही बोललो नाही. पेठेत आता अशी समजूत आहे की समोरचा पटवेकरी हटवादी होता, त्याला दुसरीकडं चांगला गाळा मिळत होता आणि तो स्वतःच धंदा बंद करून घरी बसला. ही समजूत खोटी आहे. मी पंचाहत्तरी ओलांडली आहे. बोलून जे झालं नाही ते निदान लिहून ठेवावं, एवढ्यासाठी हे लिहितो.

तो पटवेकरी माझा शाळेपासूनचा मित्र. पटवेकरी म्हणजे मंगळसूत्र गाठवून देणारा. सोनार मणी आणि वाट्या देतो. त्या काळ्या पोतीत ओवून, रेशमानं गाठवून, बाईच्या गळ्यात बसेल अशा मापाचं करून देणं हे पटवेकऱ्याचं काम. उजव्या पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवायचा, दुसरं टोक हातात ताणून धरायचं आणि गाठी मारत जायचं. त्याच्या वडिलांचं दुकान बोळाच्या तोंडाशी एका दुमजली इमारतीच्या जिन्याखाली होतं. दुकान कसलं, जिन्याखालचा त्रिकोण. आत एकच माणूस बसे. गिऱ्हाईक बाहेर पायरीवर. आणि बाईनं तिथंच बसायचं असतं, कारण मंगळसूत्र गळ्यातून काढून दुसऱ्याच्या हाती सोडून जात नाहीत. गाठवून होईपर्यंत गळ्यात हळकुंडाचा दोरा बांधायचा आणि डोळ्यांसमोर काम करून घ्यायचं. म्हणून पटवेकरी सोनारांच्या शेजारीच लागतो आणि रस्त्याच्या पातळीलाच लागतो. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पुढं जे झालं ते मला ठाऊक नव्हतं म्हणून झालं, असं म्हणायला जागा नाही.

त्या जिन्यासमोर, बोळाच्या दुसऱ्या बाजूला, एका सरकारी गोदामाची लांब भिंत होती. या भिंतीला माणसं लघवीला उभी राहायची. सकाळ नाही, दुपार नाही. समोर पायरीवर बायका मंगळसूत्र गाठवायला बसलेल्या, पदर नाकाला लावून, तोंड वळवून. मित्राच्या वडिलांनी भिंतीवर कोळशानं "येथे लघवी करू नये" असं मोठ्या अक्षरात लिहिलं. लोक त्या अक्षरांवरच करू लागले.

तेव्हा मी नुकताच एका सरकारी कचेरीत नगररचनेच्या विभागात आरेखक म्हणून लागलो होतो. लग्न व्हायचं होतं. एका रविवारी दुपारी पेठ झोपलेली असताना आम्ही दोघांनी गटाराच्या कामातून निघालेला एक दगड लोटत आणला आणि त्या भिंतीच्या कोपऱ्यात टेकवून उभा केला. मित्रानं घरातून शेंदूर आणि तेल आणलं. शेंदूर त्यानं फासला. डोळे मी काढले. माझा हात रेषेला चांगला होता. कचेरीतला बारीक कुंचला खिशात होता, त्यानं पांढऱ्यात दोन डोळे काढले आणि मधे काळी बुबुळं. जास्वंदीचं एक फूल ठेवलं.

"जरा रागीट कर बे," मित्र म्हणाला होता. "हसतोय त्यो. हसणाऱ्या देवाला कोण भितंय?"

मी भुवया वाढवल्या.

सोमवारपासून त्या भिंतीला कोणी उभं राहिलं नाही. आम्ही आठवडाभर हसत होतो.

पहिला नारळ एका हमालानं फोडला. मग अमावास्येला दोन-चार जण येऊ लागले. मित्राचे वडील रोज दिवा लावू लागले. हा दगड कुठून आला असं त्यांनी आम्हाला कधी विचारलं नाही. मग कोणी कट्टा बांधला, कोणी फरशी बसवली, पुढं जाळी आली, घंटा आली, आता रंगीत दिवे आहेत. मी काढलेल्या डोळ्यांवर नवसाचे चांदीचे डोळे बसले. रिक्षावाले सकाळची पहिली सवारी घेण्याआधी तिथं थांबून हात जोडतात. माझी बायको मोडनिंबची. मुलगा लहान असताना तापानं महिनाभर पडला, तेव्हा तिनं त्या म्हसोबाला नवस बोलून घेतला. मुलगा उठला. नारळ मी फोडला. खरं सांगायचं तर नारळ फोडताना मी काही नाटक करत नव्हतो. तो दगड कुठला हे मला माहीत होतं आणि तरी हात जोडलेले होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी माझ्यात होत्या, आजही आहेत.

मी निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी ते हबचं काम निघालं. गोदाम पाडून त्या जागेवर एकच मोठी इमारत: खाली शहराच्या आणि खेड्यांच्या बस, बाजूला रिक्षा, वरच्या मजल्यांवर मोटारी आणि दुचाक्यांचं पार्किंग. मी या कामाच्या विरोधात नव्हतो. नवी पेठेत ज्यानं सणासुदीला पाय ठेवला आहे त्याला कारण सांगायला नको. माणसांत रिक्षा, रिक्षांत मोटारी, मोटारीचं दार उघडलं की कापडवाल्याच्या गठ्ठ्याला लागतं. कुठं तरी सगळं एकत्र बसवायला हवं होतं.

जुन्या पेठेचे नकाशे मी हातानं काढलेले. कोणता बोळ कुठं अरुंद होतो, कोणत्या भिंतीखालून गटार जातं, हे आता कचेरीत कोणाला सांगता येत नव्हतं. म्हणून मला बोलावणं आलं. आराखड्याचं काम पुण्याच्या लोकांना दिलं होतं. त्यांच्याकडून एक इंजिनिअर बाई यायच्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. फार नीट वागायच्या. "काका, तुम्ही नसता तर आम्ही अंधारातच होतो," असं त्या एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या. निवृत्तीनंतर मला कोणी काही विचारलं नव्हतं. मी रोज इस्त्रीचा शर्ट घालून जाऊ लागलो.

अडचण एकच होती, बस आत कशी घ्यायची. बोळाच्या तोंडाशी बस वळताना तिला जागा लागते. पुढची चाकं वळली तरी मागचा भाग आतल्या बाजूला घासत येतो. म्हणजे एक कोपरा कापायलाच हवा. डाव्या हाताला गोदामाचा कोपरा, म्हणजे म्हसोबा. उजव्या हाताला ती दुमजली इमारत, म्हणजे जिना आणि जिन्याखाली माझा मित्र. गोदाम तर पाडायचंच होतं, जमीन सरकारीच होती. डावा कोपरा कापायला फक्त तो कट्टा आणि दगड थोडा आत सरकवावा लागणार होता.

मापं घ्यायच्या दिवशी बाई बोळाच्या तोंडाशी टेप घेऊन उभ्या होत्या. मंडळाचे अध्यक्ष होते, दहा-बारा रिक्षावाले होते, कचेरीतले दोघे होते. बाईंनी कट्ट्याकडं बघून विचारलं, "हे आत सरकवता येईल का? किती जुनं आहे?"

"म्याडम," अध्यक्ष म्हणाले, "पेठ वसली न्हवती तवापासून हाय हे. आमचं ऐकू नका, काकांना विचारा. जुने नकाशे त्यांनीच काढलेत की."

सगळे माझ्याकडं बघू लागले. समोर जिन्याखाली मित्र बसलेला. अंगठ्याला दोरा, हातात कोणाचं तरी मंगळसूत्र, मान खाली. त्यानं मान वर केली नाही. हात मात्र थांबला होता.

मी म्हणालो, "जुनं आहे."

बाईंनी कागदावर उजव्या बाजूनं, जिन्यावरून, रेघ ओढली. बस्स, एवढंच झालं. कोणी मला धमकावलं नाही, कोणी काही दिलं नाही. मला त्या घोळक्यात "हा दगड मी ठेवला" असं म्हणायची लाज वाटली. भीतीही वाटली असेल. आणि नकाशेवाले काका म्हणून जे उभे होते त्यांना आपण लघवी थांबवायला देव केला होता असं सांगणं जमलं नाही. मनाशी म्हटलं, अजून हरकती आहेत, सुनावणी आहे, अजून पुष्कळ वेळ आहे.

संध्याकाळी त्याच्याकडं गेलो. तो सामान आवरत होता.

"काय बे," तो म्हणाला, "पेठ वसायच्या आधीपासून? म्हंजे तू नि मी किती वर्षांचे झालो?"

मी हसलो नाही.

"डोळे लई रागीट काढलेस तू. मी सांगितलं म्हणून. आता त्योच माज्याकडं बघतोय बघ."

"तूच का नाही बोललास?" मी विचारलं. हे विचारायला मला तोंड होतं, याचं आज नवल वाटतं.

"मी?" त्यानं पेटी बंद केली. "मी बोललो तर लोक म्हणणार, दुकान वाचवायला देव खोटा पाडतोय. तू बोललास तर नकाशावाला बोलला. आन् दुसरं म्हंजे, लेकीच्या लग्नाची पयली पत्रिका मी तितंच ठेवली बे. आता कुटल्या तोंडानं म्हणू, त्यो गटारातला हाय?"

मी सांगतो, असं मी त्याला म्हणालो. त्यानं मान हलवली आणि फळ्या लावू लागला.

सुनावणीला सभागृहात गर्दी होती. सोनार आले होते, कापडवाले आले होते, प्रत्येकाला आपल्या दारासमोर बस नको आणि गिऱ्हाईक मात्र हवं होतं. मित्राचं नाव पुकारलं तेव्हा तो उठला. त्यानं दगडाचं काही काढलं नाही. एवढंच विचारलं, "साहेब, मला नव्या इमारतीत जागा द्या, पर खालच्या मजल्यावर द्या. वर बायका येणार न्हाईत."

सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, "खाली बस आहेत, आजोबा. दुकानं दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे."

"लिफ्ट हाय व्हय," तो म्हणाला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. मी व्यासपीठावर कडेला बसलो होतो, पुढ्यात पाण्याची बाटली होती. मी बाटलीकडं बघत राहिलो. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली आणि बसला.

त्यानंतर मी सांगितलं नाही असं नाही. सांगितलं. उशिरा सांगितलं. पहिल्यांदा साहेबांना, त्यांच्या केबिनमध्ये, दार लावून. दगड कुठून आणला, शेंदूर कोणी फासला, डोळे कोणी काढले, सगळं. साहेब ऐकत होते. मधे फोन वाजला तो त्यांनी घेतला नाही, एवढं खरं. माझं झाल्यावर म्हणाले, "काका, मी मानतो तुमचं. आता मला सांगा, तो उचलणार कोण? तुम्ही उचलता? मी पोलीस बंदोबस्त देऊ? आणि आराखडा मंजूर होऊन वर गेला. आता कोपरा बदलायचा म्हणजे सगळंच परत." मग त्यांनी चहा मागवला.

मग मी मंडळाकडं गेलो. अध्यक्षांना कट्ट्यावरच गाठलं. मला वाटलं होतं भांडण होईल, लोक अंगावर येतील. ते झालं असतं तर बरं झालं असतं. अध्यक्षांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"काका, दगूड कुटनं तरी येतोच की. कुणी तरी आणतंच. देवानं तुमच्या हातनं आणवला. लई भाग्याचं काम केलं तुमी."

"अहो, आम्ही लघवी थांबवायला..."

"थांबली ना?"

थांबली होती. बाजूला उभा असलेला दुसरा रिक्षावाला लगेच चप्पल काढून माझ्या पाया पडला. म्हणाला, "डोळे तुमी काढलेत व्हय काका?" त्या दिवसानंतर सत्काराचं ठरलं. म्हणजे मी खरं सांगितलं आणि त्या खऱ्यातूनच शाल आली.

पुण्याच्या बाईंनाही फोन केला. त्या म्हणाल्या, "काका, तेव्हा सांगायला हवं होतं." आवाजात राग नव्हता. त्या दुसऱ्या शहराच्या कामावर गेल्या होत्या.

जिना पाडला त्या दिवशी मी गेलो नाही. बायको जाऊन आली. घरी येऊन तिनं पिशवी ठेवली आणि पाठ करून भाकरी थापायला बसली. तिला सगळं मीच सांगितलं होतं, साहेबांना सांगितलं त्याच आठवड्यात. मला वाटलं होतं तिला वाईट वाटेल ते देवाचं, नवसाचं. तिनं देवाचा विषयच काढला नव्हता. आता भाकरी तव्यावर टाकत म्हणाली, "भावजी पायरीवर बसलेवते. पायरी बी काढली. मग उभं राहिलं. तुमी कुटं हायसा म्हणून कुणी तरी इचारलं त्यांना."

"काय म्हणाले?"

"म्हणले, त्याला बरं न्हाय." तिनं भाकरी उलटली. "खोटं बोलले तुमच्यासाठी. तुमाला येवढं बी आलं न्हाय."

ती आजही अमावास्येला म्हसोबाला जाते. मी एकदा विचारलं, आता कशाला? तर म्हणाली, "देवानं काय केलंय? बोलायचं तुमी हुतं."

मित्राला हब उभं राहीपर्यंत तोवर म्हणून पत्र्याचा एक गाळा मिळाला, सोनारगल्लीपासून लांब, मंडईच्या पलीकडं. शेजारी टायरवाला, दुसरीकडं रद्दी. तो तिथं रोज गेला. पेटी घेऊन सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा. पण बाई सोनाराकडून निघून उन्हातून मंडई ओलांडून कशाला जाईल? सोनारांनी तयार गाठवलेले सर ठेवायला सुरुवात केली. गळ्यात घालायचं आणि जायचं. त्यांचाही दोष नाही. मी काही सोनारांना जाऊन भेटलो, तुमच्या ओट्यावर याला एक हातभर जागा द्या म्हणून. एक म्हणाला, "काका, माझाच ओटा आराखड्यात जातोय." दुसरा म्हणाला, "बघू." बघू म्हणजे काय ते पेठेत सगळ्यांना कळतं.

हबचं काम आता अर्ध्यावर आहे. खांब उभे आहेत, तळघराच्या खड्ड्यात पाणी साठलं आहे, भोवती निळे पत्रे. ठेकेदार बदलला म्हणतात. बस अजून एकही वळलेली नाही. जिथं जिना होता तिथं मोकळी जागा आहे आणि त्या जागेत दुचाक्या लावतात. डाव्या हाताला म्हसोबा आहे तसा आहे.

शेवटी मी त्याला म्हणालो, माझ्या ओट्यावर ये. माझं घर शुक्रवार पेठेत, रस्त्याला लागून. तो आला. पेटी उघडली, अंगठ्याला दोरा लावला आणि बसला. गल्लीतल्या बायका येता-जाता बघायच्या, त्याला "काय हो, हितं?" म्हणून विचारायच्या, पुढं जायच्या. दोन-चार जणींनी मुद्दाम मुलींच्या पोती आणून दिल्या. मी आतून खुर्ची आणून त्याच्याशेजारी बसायचो.

एक दिवस त्यानं विचारलं, "सांगितलंस का बे सगळ्यांना?"

"सांगितलं."

"मग?"

"मग काही नाही."

तो बराच वेळ हसला. खोकला येईपर्यंत हसला.

मागच्या आठवड्यात, तीन दिवस एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं तेव्हा, बायको आतून आली. पदर सारखा करून त्याच्यासमोर पायरीवर बसली आणि गळ्यातलं मंगळसूत्र पुढं धरून म्हणाली, "भावजी, सैल झालंय. गाठवून द्या."

त्यानं चष्मा लावला, मंगळसूत्र तिच्या हातातच राहू देऊन नुसतं बोटानं चाचपलं. चार-सहा महिन्यांपूर्वी त्यानंच गाठवलेलं होतं.

"सैल न्हाय वैनी."

"मला लागतंय सैल."

"गाठ नवी हाय. पक्की हाय."

"मग उसवा. परत घाला."

त्यानं चष्मा काढला. पटवेकरी सवाष्णीची धड गाठ सोडत नाही. ती झिजली तरच सोडायची, नाही तर अपशकुन. हे तिलाही माहीत होतं. तिनं मंगळसूत्र तसंच पुढं धरलं.

"वैनी," तो हळू म्हणाला, "ही मी सोडणार न्हाय."

मग त्यानं अंगठ्याचा दोरा सोडून गुंडाळला, सुई डबीत घातली आणि पेटी बंद केली. दुपार अजून व्हायची होती. मी म्हणालो, चहा घेऊन जा. तो म्हणाला, नको, गुडघे दुखतात, आता रोज यायला जमणार नाही. पेटी मी उचलू लागलो तर त्यानं माझ्या हातातून काढून घेतली आणि रस्त्यानं निघाला. बायको पायरीवरून उठली नाही. मी दारात उभा राहून त्याच्या पाठीकडं बघत राहिलो.

परवा मंडळाचा माणूस येऊन गेला. हब सुरू होईल तेव्हा उद्घाटनाला मला पहिल्या रांगेत बसवणार आहेत.